जुन्या राजदूतला इंडिकेटर बसवले

बाबांची राजदूत मोटरसायकल रस्त्यावर आणली, पण नागपूरच्या व्हेरायटी चौकात हात दाखवून वळायचं म्हणजे जिवाशी खेळ. मागचा ऑटोवाला हात बघतच नाही.

गाडी 6 व्होल्टची. 10 वॅटचे दोन साधे बल्ब लागले की 3.3 अँपिअर करंट जातो. तेवढ्यात हेडलाइट मान टाकतो. म्हणून 6 व्होल्टचे एलईडी घेतले. 12 व्होल्टवाले इथे मिणमिणतात. जुना तापून चालणारा फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारा डबा) एलईडीच्या कमी करंटवर तापतच नाही, त्यामुळे 6 व्होल्टवर चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरच हवा. इग्निशन स्विचनंतर फ्यूज, मग फ्लॅशर, तिथून हँडलवरचा स्विच.

सगळं जोडलं, डावं दाबलं, तर चारही दिवे लुकलुकायला लागले! मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, ही तर लग्नाची रोषणाई झाली."

कारण मीटरवरचा एकुलता एक पायलट दिवा. तो डाव्या-उजव्या वायरींच्या मधे जोडलेला असतो आणि विरुद्ध बाजूच्या दिव्यांतून अर्थ (करंट परत जायची वाट) घेतो. एलईडीला तेवढा करंटही पुरतो. उपाय स्वस्त: 1एन4007 चे दोन डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग. दोन्ही बाजूंच्या वायरींवर एकेक लावून डायोडवरच्या पट्टीकडची टोकं एकत्र पायलटला दिली, पायलटचं दुसरं टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला.

मडगार्डच्या रंगातून करंट नीट जात नाही, त्यावर अर्थचा भरवसा धरू नका. प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर दिली, सांधे झाळून वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवलं. नागपूरच्या मे महिन्यात साध्या चिकटपट्टीचा गोंद वितळून ओघळतो.