भातखाचरातील जीवसृष्टी राखायची कशी? नाशिकच्या पश्चिम पट्ट्यासाठी काही सूचना

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत भाताचे खाचर म्हणजे वर्षातील चार महिने टिकणारी पाणथळ जागाच असते. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांनी २००८ मध्ये भातशेतीचे पाणथळ म्हणून असलेले महत्त्व ठरावाद्वारे मान्य केले. आपल्या जिल्ह्यात मात्र पाणथळ म्हटले की अजूनही नांदूर मधमेश्वरच डोळ्यांसमोर येते. खाचरातील बेडूक, खेकडे, चतुर, कोळी आणि लहान मासे मुख्यतः बांध आणि पाणी यांच्या आधाराने जगतात, म्हणून बहुतेक काम याच दोन ठिकाणी करावे लागते.

बांधाचे काम पावसाआधी उरकावे. बांध तासताना आतली बाजू तेवढी साफ करून लिंपावी आणि माथ्यावरचे व बाहेरच्या बाजूचे गवत तसेच ठेवावे, कारण पिकावरील किडींना खाणारे कोळी व भुंगेरे लावणी होईपर्यंत तेथेच आसरा घेतात. बांधावर तणनाशक मारू नये. माथ्यावर तूर किंवा उडीद टोकल्यास घरची डाळ होते आणि परोपजीवी गांधीलमाश्यांना फुलांतला मधही मिळतो. बांध फार रुंद मात्र ठेवू नये. रुंद बांधात उंदीर बिळे करतात. खेकड्यांनी बांध पोखरला की बिळात दाणेदार कीटकनाशक टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. त्यासाठी वापरले जाणारे फोरेट देशात २०२० च्या अखेरीपासून बंद आहे, आणि असे विष खेकड्यापुरते न राहता पाण्याबरोबर खालच्या खाचरात व ओहोळात उतरते. खेकडे हाताने धरावेत, बिळे चिखलाने दाबून बुजवावीत. कष्ट आहेत, पण कालवणाची सोय होते.

राबासाठी, म्हणजे रोपे टाकायची जागा पालापाचोळा जाळून भाजण्यासाठी, दरवर्षी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटल्या की ती झाडे बोडकी होतात, फुलाफळाला येत नाहीत आणि पक्ष्यांना घरट्यासाठी जागा राहत नाही. राब न भाजता साधारण एक मीटर रुंदीचे गादीवाफे करून, त्यांत कुजलेले शेणखत मिसळून रोपे चांगली तयार होतात. हिरवळीच्या खतासाठी कडेला गिरिपुष्प लावावे. त्याचा कोवळा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडता येतो.

पाण्याच्या बाबतीत खरा धोका ऑगस्टमधील उघडिपीचा असतो. चार-सहा दिवस ऊन पडले की खाचर आटते आणि पाय फुटण्याच्या बेतात आलेली बेडकांची पिल्ले चिखलात मरतात. यावर उपाय म्हणून खाचराच्या सखल कोपऱ्यात दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व सुमारे दोन फूट खोल खड्डा घ्यावा आणि एका उथळ चराने तो खाचराशी जोडावा. दहा गुंठ्यांच्या खाचरात ही जागा जेमतेम पाचशेवा हिस्सा भरते, म्हणजे उत्पन्न बुडण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. कापणीपूर्वी पाणी काढतानाही ते एकदम न सोडता थोडे थोडे सोडावे, म्हणजे मासे आणि किडे खड्ड्यात गोळा होतात.

फवारणीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: लावणीनंतरचे पहिले तीस-चाळीस दिवस, अपवाद वगळता, पंप बाहेर काढू नये. या काळात अळीने पाने खाल्ली तरी भात नवे फुटवे काढून ती तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. मात्र फवाऱ्याने किडींना खाणारे मित्रकीटक व कोळी आधी मरतात आणि पुढे तपकिरी तुडतुडे मोकाट वाढतात. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली ती याच अनुभवातून. दर आठवड्याला सकाळी खाचरात उतरून निरनिराळ्या ठिकाणची वीसेक चुडे (भाताच्या रोपांचे झुबके) पाहावीत. चूड बुंध्याशी हलके थोपटले की तुडतुडे पाण्यावर पडतात आणि त्यांच्या मागे पाण्याच्या पृष्ठभागावरून धावत येणारे कोळीही दिसतात, दोन्ही मोजावेत. तुडतुडे प्रति चूड दहाच्या आसपास पोहोचले आणि कोळी तुरळक असतील, किंवा खोडकिड्यामुळे गाभेमर (मधला कोंब वाळणे) पाच टक्क्यांवर गेली, तरच कृषी सहायकाच्या सल्ल्याने उपाय करावा. किडे टिपणाऱ्या कोतवाल पक्ष्यासाठी पक्षिथांबे उभारावेत, पण दाणे भरू लागताच ते काढून घ्यावेत. नाहीतर त्यांवर मुनियांचे थवे येऊन बसतात.

जैवविविधतेत बियाणेही येते. इंद्रायणीची बाजारात मागणी असल्याने ती लावू नये असे कोणी सांगणार नाही, मात्र कोळपीसारखे जुने वाण एखाद्या खाचरात तरी राखावेत. भात स्वपरागी असल्याने शेजारच्या वाणापासून तीन मीटर अंतर ठेवले की भेसळ बहुधा टळते. खाचराच्या मधल्या भागातील निरोगी, एकसारख्या लोंब्या वेगळ्या कापून, नीट वाळवून कणगीत ठेवाव्यात. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्यात वाणाचे नाव, तो किती दिवसांत तयार होतो, कोणत्या जमिनीत येतो आणि घरात कशासाठी वापरला जातो, हे वडीलधाऱ्यांना, विशेषतः बी निवडणाऱ्या बायकांना, विचारून लिहून घ्यावे.