जुन्या स्वोर्ड अँड सॉर्सरी अँथॉलॉजीतून नवे लेखक कसे शोधायचे

स्वोर्ड अँड सॉर्सरी म्हणजे तलवारी आणि जादूटोण्याच्या साहसकथा. त्यातल्या कोनान ह्या गाजलेल्या योद्ध्याच्या कथा वाचून संपल्या की पुढे काय वाचायचं, यात माझे बरेच महिने गेले. कुणीतरी सांगितलं म्हणून मालिकेतली जाडजूड कादंबरी घ्यायची, दीडशे पानं रेटायची आणि मग लक्षात यायचं की ह्या लेखकाशी आपलं जमत नाही. जुन्या अँथॉलॉजी, म्हणजे अनेक लेखकांच्या कथा एकत्र असलेली पुस्तकं, हाती लागल्यावर हे थांबलं. सात-आठ लेखक, प्रत्येकाची थोडीशी पानं, एका बैठकीत एक लेखक चाखून होतो. आणि ह्या प्रकारात कथाच मुळात आधी, कादंबऱ्या नंतर आल्या, त्यामुळे लेखकाचं खरं बळ कथेतच दिसतं असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात करायची तर एल. स्प्रेग डी कॅम्पने संपादित केलेलं 1963 चं 'स्वोर्ड्स अँड सॉर्सरी' घ्या, ह्या प्रकाराची पहिली अँथॉलॉजी म्हणून तेच ओळखलं जातं. आठ कथा आहेत. कोनानचा लेखक रॉबर्ट ई. हॉवर्ड, त्याची कोनानकथा आहे, भयकथांचा लव्हक्राफ्ट आहे, म्हणजे ओळखीची नावं मिळतात. पण ओळखीची कथा आधी वाचू नका. हॉवर्ड कुठे पळून जात नाहीये. ज्याचं नाव कधी ऐकलंच नाही त्याच्यापासून सुरू करा, डोकं ताजं असताना. मी तसंच केलं आणि सी. एल. मूरच्या 'हेल्सगार्ड'वर आलो. नायिका जॉयरीची जिरेल, तलवार चालवणारी, रागीट, आणि कथेत मारामारीपेक्षा त्या वाड्यातली भीतीच जास्त अंगावर येते. ही लेखिका 1934 पासून हे लिहीत होती आणि मला पत्ताच नव्हता!

आता एखादी कथा आवडली की काय करायचं, तर पुस्तकाच्या सुरुवातीचं कॉपीराइटचं पान उघडा. हे पान सगळे उलटून टाकतात, पण खरा नकाशा तिथेच असतो, कुठली कथा आधी कुठल्या मासिकात, कुठल्या साली आली ते तिथे छापलेलं असतं. 'हेल्सगार्ड' 1939 च्या 'वीअर्ड टेल्स'मधली. त्याच मासिकात हॉवर्ड आणि क्लार्क अॅश्टन स्मिथही लिहायचे, म्हणजे आपण एका लेखिकेवरून एका आख्ख्या मासिकापर्यंत पोचलो. मग आयएसएफडीबी ह्या विज्ञानकथा-फँटसीची सूची देणाऱ्या वेबसाइटवर लेखकाचं नाव टाका, त्याच्या सगळ्या कथा सालांसकट मिळतात आणि कुठली कथा अजून कुठल्या अँथॉलॉजीत आहे तेही दिसतं. 'वीअर्ड टेल्स'चे बरेच जुने अंक इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेत, कथेशेजारची मूळ चित्रं आणि वाचकांची पत्रं बघायला मिळतात, पत्रं तर जरूर वाचा, तेव्हाचे वाचक कुणाची बाजू घेऊन भांडत होते ते कळतं आणि त्यातूनही नावं सापडतात.

धागा कधी माणसांचा असतो, कधी पात्राचा. त्याच पुस्तकात हेन्री कटनरची कथा आहे, आणि कटनर आणि मूरने 1940 मध्ये लग्न केलं, त्याआधीच दोघांनी मिळून जिरेलची एक कथा लिहिली होती. पॉल अँडरसनचा कॅपेन व्हारा तर ह्या पुस्तकातून उठून पुढे 1979 च्या 'थीव्ज वर्ल्ड' ह्या अँथॉलॉजीत भेटतो, तिथे एकच शहर अनेक लेखकांनी वाटून घेतलंय. म्हणजे एका पात्रामागे गेलात तरी पाच-सहा नवीन लेखक पदरात पडतात.

एक काळजी घ्या. लेखकाच्या नावाशेजारी दुसरं नाव आहे का बघा. डी कॅम्पच्याच 1967 च्या 'द फँटास्टिक स्वोर्ड्समेन'मध्ये हॉवर्डची अर्धवट राहिलेली कथा डी कॅम्पने पूर्ण केलेली आहे, तिच्यावरून हॉवर्ड कसा आहे ते ठरवू नका.

साठचं दशक झालं की सत्तरच्या दशकात या. लिन कार्टरच्या 'फ्लॅशिंग स्वोर्ड्स!'चा पहिला भाग 1973 चा, त्यात चारच कथा पण लांब, फ्रिट्झ लायबर आणि जॅक व्हान्स दोघंही आहेत. अँड्र्यू ऑफटच्या 'स्वोर्ड्स अगेन्स्ट डार्कनेस'चे 1977 ते 1979 मध्ये पाच भाग आले, तिथे तेव्हाची नवीन मंडळी भेटते. पण एकच घ्यायचं असेल तर मी जेसिका अमांडा सॅल्मन्सनचं 1979 चं 'अॅमेझॉन्स!' सांगेन. टॅनिथ ली आहे, आणि चार्ल्स सॉन्डर्सची डोसूये आहे, आफ्रिकेवरून घडवलेल्या जगातली योद्धा, ती वाचली की ह्या प्रकारात तोच तो गोरा दांडगट नायक लागतोच हा समज कायमचा जातो. सॉन्डर्सचं 'इमारो' हे पुस्तक मी त्यानंतर लगेच शोधलं.

वाचताना मागच्या कोऱ्या पानावर चिठ्ठी ठेवा, कथेचं नाव आणि एकच ओळ, काय लक्षात राहिलं. आठवड्याने ती चिठ्ठी बघा, जी कथा ओळ न वाचता आठवते त्या लेखकाचा संग्रह घ्या, कादंबरी नको, आधी संग्रहच. नाही आवडला तो लेखकही लगेच खोडू नका, दुसऱ्या अँथॉलॉजीत अजून एक कथा वाचा. क्लार्क अॅश्टन स्मिथची भाषा मला पहिल्यांदा फार जड गेली होती, त्याची 'द डार्क आयडोलॉन' ही कथा वाचल्यावर मी त्याचं मिळेल ते वाचायला लागलो.

आणि जुनं पेपरबॅक पूर्ण उताणं उघडू नका हां, कण्यातला डिंक वाळलेला असतो, पानं सुटी होतात आणि नेमकं कॉपीराइटचं पानच आधी गळतं.