परदेशी पासपोर्टवर गोव्यात घर: घ्यायचं कसं आणि पाहुण्यांना भाड्याने द्यायचं कसं

लंडन किंवा न्यू जर्सीत स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांत हा बेत हमखास ऐकू येतो: गोव्यात एक घर घेऊ, वर्षातले तीन आठवडे आपण राहू, बाकीचे दिवस पर्यटकांना देऊ. बेत कायद्यात बसतो. फक्त कायदा एक नाही, तीन आहेत. घर घेण्याचा हक्क तुम्हाला आहे का, हे फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, ठरवतो. घर खरोखर विकणाऱ्याच्या मालकीचं आहे का, हे गोव्याचे जमिनीचे आणि वारशाचे कायदे ठरवतात. त्यात पाहुणे ठेवता येतील का, हे पर्यटन खातं ठरवतं. एकीकडचा कागद दुसरीकडे चालत नाही. सब-रजिस्ट्रारने दस्त नोंदवून घेतला म्हणजे फेमाची अट पूर्ण झाली, असं समजून अनेक परदेशी लोकांनी गोव्यात घरं घेतली आणि नंतर अंमलबजावणी संचालनालयाच्या नोटिसा हातात पडल्या. फेमाच्या उल्लंघनाचा दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो.

पहिली पायरी: आपण कोणत्या गटात बसतो?

तुमच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असेल, तर निवासी किंवा व्यापारी मालमत्ता रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी न घेता विकत घेता येते. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळा-बागायत मात्र विकत घेता येत नाही. लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिक झालेल्या गोंयकारांनाही हाच नियम लागू आहे. पासपोर्ट बदलला की भारतीय नागरिकत्व जातं, म्हणून आधी ओसीआय आणि मग खरेदी.

जोडीदार परदेशी वंशाचा असेल आणि त्याच्याकडे ओसीआय नसेल, तर एकच मालमत्ता दोघांच्या नावावर घेता येते. त्यासाठी लग्न नोंदणीकृत हवं आणि खरेदीच्या आधी सलग किमान दोन वर्षं टिकलेलं हवं.

भारतीय वंश नसलेला परदेशी नागरिक भारताबाहेर राहत असेल, तर त्याला विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा तेवढा करता येतो. इथे सगळ्यात मोठी गफलत १८२ दिवसांच्या नियमाबद्दल होते. आधीच्या आर्थिक वर्षात १८२ पेक्षा जास्त दिवस भारतात काढले की आपण ‘निवासी’ झालो आणि घर घेता येतं, असं दलाल सांगतात. हे अर्धंच खरं आहे. दिवसांबरोबर येण्याचा हेतूही पाहिला जातो: नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळासाठी मुक्काम. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाचा असा हेतू धरलाच जात नाही, मग त्याने किती का दिवस काढलेले असेनात. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, चीन, नेपाळ, इराण अशा काही देशांच्या नागरिकांना तर भारतात राहत असले तरी रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते.

‘केअरटेकरच्या नावावर घेऊन टाकू’ हा सल्ला कुणी दिला, तर तिथूनच उठा. तो बेनामी व्यवहार ठरतो: एक ते सात वर्षं सक्तमजुरी, बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आणि मालमत्ता जप्त. हॉटेल व्यवसायात शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा आहे, हे खरं. पण त्यासाठी कंपनीने खरोखर तो धंदा चालवायला हवा. एक बंगला घेण्यापुरती काढलेली कंपनी चौकशीत उघडी पडते.

दुसरी पायरी: पैसा बँकेतूनच

रक्कम परदेशातून थेट बँकेमार्फत यावी, नाहीतर भारतीय बँकेतल्या तुमच्या एनआरई, एफसीएनआर किंवा एनआरओ या अनिवासींसाठीच्या खात्यातून जावी. परकीय चलनाच्या नोटा किंवा ट्रॅव्हलर्स चेक चालत नाहीत. किमतीचा काही भाग रोख देण्याची मागणी झाली तर स्पष्ट नकार द्या. एरवीच्या तोट्यांखेरीज, दस्तात न दिसणारा पैसा पुढे घर विकल्यावर परदेशी नेता येत नाही. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेची बँकेची पावती जपून ठेवा. परकीय चलनात किंवा एनआरई खात्यातून जेवढं भरलं असेल, तेवढंच विक्रीनंतर सरळ परत नेता येतं, तेही जास्तीत जास्त दोन निवासी मालमत्तांपुरतं. उरलेलं एनआरओ खात्यातून, आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरच्या मर्यादेत.

तिसरी पायरी: कागद वाचणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मुंबई-पुण्याच्या वकिलाला सात-बारा पाठ असतो. गोव्यात मात्र सामना होतो तो एक-चौदाच्या (फॉर्म १ आणि १४) उताऱ्याशी. तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग घातला की तो ऑनलाइन दिसतो. आधी कब्जेदाराचं नाव पाहा, मग कुळाचा रकाना आणि त्यानंतर इतर हक्क. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर थांबा. गोव्याच्या कूळ कायद्यात १९७६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कूळ हा त्या जमिनीचा मानीव खरेदीदार ठरतो. ‘तो केव्हाच गाव सोडून गेला’ या विक्रेत्याच्या शब्दाला काही किंमत नाही. इतर हक्कांत मुंडकाराची (जमीनमालकाच्या आवारात त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याची) नोंद असेल, तर आवारातलं ते छोटं घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क त्याला १९७५ च्या मुंडकार कायद्याने दिलेला आहे. नोंद नसली तरी स्वतः आवारात चक्कर मारा. मागच्या बाजूला चूल पेटलेली आणि कपडे वाळत घातलेले दिसले, तर तिथे कोण राहतं हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक-चौदावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नाही. मालकीची साखळी मागे पोर्तुगीज काळातल्या जमीन-नोंदणीपर्यंत जाते: डिस्क्रिप्शन नंबर (मालमत्तेच्या वर्णनाची नोंद), इन्स्क्रिप्शन नंबर (मालकाच्या नावाची नोंद), मात्रिज (महसुलाची नोंद). ही कागदपत्रं वाचणारा गोव्यातलाच वकील हवा. जुने दस्त बनावट तयार करून जमिनी हडपल्याची इतकी प्रकरणं निघाली, की २०२२ मध्ये राज्याला विशेष तपास पथक नेमावं लागलं.

सह्यांचा प्रश्नही गोव्याचा खास आहे. इथे लग्नानंतर सर्वसाधारणपणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते, म्हणून विक्रीला दोघांची सही लागते. उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव असेल आणि मागे चार विवाहित भावंडं असतील, तर सह्या आठ हव्यात. त्यातली एक बहीण टोरांटोला असेल तर तिची आणि तिच्या नवऱ्याचीसुद्धा. आधी इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची कोर्टातली मोजदाद आणि वाटणी) होऊन वाटण्या ठरलेल्या असाव्यात, निदान वारसांचा दस्त झालेला असावा. एक सही राहिली की तेवढा हिस्सा तुमचा झालेलाच नसतो.

आता जमिनीचा वापर. झोनिंगच्या दाखल्यावर ‘सेटलमेंट’ (वस्तीसाठीची जमीन) हवं आणि जिल्हाधिकाऱ्यांची बिगरशेती वापराची सनद हवी. सनदेतलं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये वाचा आणि जोडलेल्या नकाशाशी ताडून पाहा. भूखंड ८०० चौरस मीटर आणि सनद ५०० चीच, असं सर्रास आढळतं. उरलेले ३०० चौरस मीटर कायद्याने अजून बिगरशेती झालेलेच नसतात, आणि ओसीआयधारकाला ते घेता येत नाहीत. जुन्या घरामागचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) कितीही मोहात पाडो, तेही याच यादीत येतं. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली झोन ‘दुरुस्त’ करून घेतलेली जमीन असेल, तर विशेष सावध राहा. त्यासाठीचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. समुद्र किंवा खाडीजवळच्या घराला सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) परवानगी मागा. गावांतल्या किनारपट्टीवर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवं बांधकाम सहसा बसतच नाही. जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामूहिक मालकीची) असेल, तर विषय तिथेच संपवा.

नव्या प्रकल्पातला फ्लॅट घेत असाल तर हे ओझं हलकं होतं. गोवा रेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक आणि चटई क्षेत्र पाहा, आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. तयार घर असेल तर ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (भोगवटा प्रमाणपत्र) हवंच. पर्यटन नोंदणीच्या वेळी घराचे हेच कागद पुन्हा पुढे ठेवावे लागतात.

चौथी पायरी: दस्त

पॅन कार्ड लागेल. स्वतः येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारी शिक्क्याने प्रमाणित) करून पाठवा. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. त्यात अधिकार मोजकेच द्या: हे घर, ही किंमत, ही सही. मुद्रांक आणि नोंदणी शुल्क मिळून ६ टक्क्यांच्या पुढेच धरा, किमतीनुसार ते वाढतं. विक्रेता भारतात राहणारा असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर १ टक्का टीडीएस कापून भरायचा. विक्रेता स्वतःच अनिवासी असेल तर दर बराच जास्त असतो, आणि कापायला विसरलात तर वसुली तुमच्याकडून होते. दस्तानंतर उताऱ्यावरची फेरफार नोंद, पंचायतीची घरपट्टी, वीज आणि पाण्याची जोडणी हे सगळं आपल्या नावावर करून घ्या.

पाचवी पायरी: पाहुणे येण्याआधी

१९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी करा, एकच फ्लॅट असला तरी. त्याआधी सोसायटीचे नियम वाचा. रोजच्या भाड्याला बंदी असलेल्या सोसायट्या वाढत आहेत, आणि हे विकत घेतल्यावर कळून उपयोग नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी येते. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के.

भाडं एनआरओ खात्यात घ्या. घर सांभाळणारी स्थानिक कंपनी तुम्हाला भाडं देत असेल, तर तिने सुमारे ३१.२ टक्के कर कापूनच द्यायचा असतो. तुमचा खरा कर त्याहून कमी बसत असेल तर विवरणपत्र भरून परतावा मागा, किंवा कमी दराने कपातीचा दाखला आधीच काढा. कर भरल्यावर भाड्याचे पैसे चार्टर्ड अकाउंटंटच्या प्रमाणपत्रासह परदेशी नेता येतात. अमेरिका किंवा ब्रिटनचे करदाते असाल तर हे भाडं तिथेही दाखवावं लागतं, आणि इथे भरलेल्या कराची वजावट मागता येते.

परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयासाठीच्या, ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अर्जात ऑनलाइन भरायची असते. विमानं रात्री-अपरात्री उतरतात, पाहुणा पहाटे तीनला दार वाजवतो आणि मालक सातासमुद्रापार झोपलेला असतो. म्हणून त्या प्रणालीचं लॉगिन केअरटेकरकडे असू द्या, आणि किल्ली देण्याआधी पासपोर्ट व व्हिसाच्या पानाचा फोटो घ्यायची सवय त्याला पहिल्या पाहुण्यापासूनच लावा.