नातेवाईकांच्या चौकशा चुकवायच्या कशा

सणाला सगळे जमले की कोणीतरी हमखास शेजारी येऊन बसतं आणि सुरू, "मग, लग्नाचं काय?", "पगार किती म्हणालीस?" तर पहिलं म्हणजे आतल्या खोलीत मोबाईल घेऊन लपू नका, लपलेला माणूस लगेच सापडतो आणि मग "एकटीच का गं बसलीस, काही टेन्शन आहे का" हा नवीनच विषय निघतो.

त्यापेक्षा हातात काम घ्या. वाढायला घ्या, खुर्च्या लावा, नाहीतर लहान पोरांना गोळा करून पत्ते काढा. काम करणाऱ्याला कोणी फार वेळ धरून ठेवत नाही, वर कौतुक होतं ते वेगळंच.

तरी गाठलंच कोणी तर उत्तर एकदम बोअर द्यायचं. "चाललंय", "ठरलं की सांगेनच की". कारणं देत बसू नका, कारण दिलं की सल्ला येतो आणि सल्ल्यावर काही बोललात की अर्धा तास गेला. परत विचारलं तर परत तेच वाक्य, त्याच शब्दात, हसून. तिसऱ्या वेळेला काकू स्वतःच दुसरं गिऱ्हाईक शोधायला उठतात. नाहीतर सरळ उलटं विचारायचं, "तुमचे गुडघे कसे आहेत आता?" लबाडी वाटेल पण बऱ्याच जणांना आपलं कोणीतरी ऐकावं एवढंच हवं असतं, खूश होतात बिचारे.

आता खरी गोम. बातमी फुटते ती घरातूनच! त्यामुळे जायच्या आधी आईबाबांशी बोलून घ्या, काय सांगायचं, काय नाही. मी एकदा विसरले, नोकरी सोडल्याचं फक्त आईला माहीत होतं आणि मी पोचेपर्यंत दोघा नातेवाईकांनी माझ्यासाठी नोकरीच्या जागा पण बघून ठेवलेल्या.

एखादा चुलत-मावस भाऊ नाहीतर बहीण आधीच फितवून ठेवा, तुम्ही डोळ्याने खुणावलं की त्यांनी "अगं जरा इकडे ये ना" अशी हाक मारायची. त्यांच्यावर वेळ आली की तुम्ही मारायची, फुकट काही नाही.

कधी निघणार ते आल्याआल्या सांगून टाका म्हणजे नंतर आग्रह कमी होतो. आणि निरोप चपला घालूनच घ्या, दारातलं "अगं हो, एक विचारायचं राहिलंच" सगळ्यात लांबतं.