घरची लागर: आधी मुरवा, मग निवळा

लागर म्हणजे थंडीत आंबवून मुरवलेली बिअर. ती गढूळ दिसली की हात पहिला निवळवणाऱ्या जिलेटिनकडे जातो. तेवढं थोडं थांबवा. काचेसारखी स्वच्छ बिअरही कच्ची असू शकते, आणि कच्ची चव कुठल्याच पावडरने जात नाही.

ऊब. लागर साधारण १० ते १२ अंश सेल्सिअसला आंबते. हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा शेवटच्या टप्प्यात आला की तापमान १६ ते १८ अंशांवर न्या आणि दोन-तीन दिवस तिथेच ठेवा. आंबताना तयार होणाऱ्या डायअसिटिलला लोण्यासारखा वास येतो. ऊब मिळाली की यीस्टच ते खाऊन टाकतं. लवकर गार केलंत तर यीस्ट झोपतं आणि वास तसाच राहतो.

खात्री करायची असेल तर दोन पेल्यांत थोडी थोडी बिअर घ्या. एक पेला झाकून ६० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, मग निववून दोन्ही हुंगा. गरम केलेल्यात लोणी जाणवलं तर अजून दोन दिवस थांबा. ही चाचणी टाळू नका, कारण लपलेला वास त्यातच उघडा पडतो. सोबत लागोपाठ तीन दिवस आकडा हललेला नसावा. एअरलॉकच्या (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेच्या) बुडबुड्यांवर विसंबू नका. झाकण सैल असलं तरी ते थांबतात.

थंडी. रोज दोनेक अंश उतरवत ० ते २ अंशांपर्यंत या. गार होताना भांडं हवा आत ओढतं आणि एअरलॉकमधलं पाणीही बिअरमध्ये उतरू शकतं, तेव्हा तिकडे लक्ष ठेवा. मग निदान चार आठवडे हात लावू नका. कडक लागरला आठ द्या. बरीचशी बिअर एवढ्यावरच निवळते.

जिलेटिन, लागलंच तर. २० लिटरला सपाट चमचाभर पुरतं. कपभर गार पाण्यात दहा मिनिटं फुगू द्या, ६५-७० अंशांपर्यंत गरम करा. उकळलं तर त्याची पकड जाते. बिअर थंड असतानाच ओता, कारण प्रथिनं आणि पॉलिफेनॉल (तुरट द्रव्यं) एकत्र येऊन होणारा गढूळपणा थंडीतच तयार होतो. दोन-तीन दिवसांत तो तळाशी बसतो. जिलेटिन प्राणिज असतं. चालत नसेल तर आणखी दोन आठवडे द्या.

बाटल्या. गाळ न हलवता सायफनने बिअर काढा. बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून लिटरला ६ ग्रॅम साखर घाला. बिअरमध्ये आधीच किती वायू उरलाय याचा हिशेब ऊब दिलेल्या १८ अंशांचा धरा, आताच्या २ अंशांचा नाही. गार बिअरमध्ये वायू जास्त मावतो खरा, पण उबेत निघून गेलेला वायू थंडीत आपोआप परत येत नाही. महिन्याहून अधिक मुरवली असेल तर चिमूटभर ताजं यीस्टही घाला. २० अंशांना दोन-तीन आठवडे ठेवा, मग फ्रिजमध्ये.

फ्रिजमधून काढल्यावर पेला धूसर दिसला आणि कोमट होताच स्वच्छ झाला, तर तो थंडीचाच गढूळपणा, बिनधास्त प्या. कोमट होऊनही गेला नाही आणि आंबूस वास आला, तर संसर्ग समजा आणि ओतून द्या.