मोटरहोमच्या बाहेरच्या लाईटमधून पाणी आत येतंय? आधी लाईट खोला

मोटरहोमवर (राहायची सोय असलेली गाडी) छताजवळचे छोटे मार्कर लाईट (गाडीची उंची-रुंदी दाखवणारे), दारावरचा लाईट, मागचे टेललाईट, या प्रत्येकाच्या मागे वायरसाठी भिंतीला एक भोक असतं आणि पाणी शिरतं ते बहुतेक तिथूनच किंवा स्क्रूच्या भोकांतून. ओल दिसली की बरेच जण लाईटच्या कडेने गोल सिलिकॉन फिरवून मोकळे होतात, प्लीज तसं करू नका. एकतर सिलिकॉनवर नंतर दुसरं काही धड चिकटत नाही, आणि खालची कड बुजली की आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाटच नाही, मग ते भिंतीत उतरतं, प्लायवूड कुजतं, बाहेरचा फायबरचा (फायबरग्लासचा) थर फुगतो.

गळती नक्की कुठे आहे ते बघायला साधा पाण्याचा पाईप घ्या, प्रेशर कमी ठेवा, आणि खालून सुरुवात करून हळूहळू वर जा, एकदम वरून पाणी मारलं तर ते सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.

आता काम. १२ व्होल्टची बॅटरी आणि चार्जर दोन्ही बंद करा, लेन्स (लाईटवरचं पारदर्शक झाकण) काढा, स्क्रू काढा, लाईट हळूच सोडवा, वायर ओढू नका नाहीतर ती भिंतीत गायब होते (टेपने बाहेर चिकटवून ठेवा). मागचं फोमचं गॅस्केट (लाईट आणि भिंतीमधली मऊ पट्टी) बघा, उन्हाने कडक होऊन तडकलेलं असतं. जुना सीलंट (फट बुजवायचा चिकट पदार्थ) प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, धातूच्या पात्याने फायबरवर ओरखडे पडतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि लाकूड ओलं लागलं तर तसंच बंद करू नका, थांबा, वाटल्यास दोन-चार दिवस, पण पूर्ण वाळू द्या, घाईत बंद केलेली ओल आतच सडते. लाकूड दाबून मऊ लागत असेल तर नुसत्या सीलंटने भागणार नाही, तेवढा भाग आधी दुरुस्त करायला हवा.

वायरचं भोक सीलंटने भरा, हीच पायरी लोक सोडतात. लाईटच्या मागे ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा, स्क्रूच्या भोकांतही थोडा सीलंट घाला, स्क्रू स्टेनलेसचेच वापरा आणि हाताने आवळा, जास्त ताकद लावली तर प्लास्टिक तडकतं. भोक सैल झालं असेल तर इपॉक्सी भरून नवीन पाडा. बाहेर आलेली टेप कापून वरून आणि दोन्ही बाजूंनी बाहेरच्या वापराचा न ओघळणारा सीलंट फिरवा, खालची कड उघडीच ठेवा. छतावरचा आपोआप पसरणारा सीलंट उभ्या भिंतीवर चालत नाही, सगळा खाली वाहतो.

पुढे वर्षातून दोनदा शिडी लावून वरच्या कडा बघत जा, आणि धुताना प्रेशर वॉशर लाईटवर थेट मारू नका. लेन्सच्या आत धुकं धरलेलं दिसलं तर पावसाची वाट न बघता त्याच आठवड्यात तो लाईट खोला.