संगणकावरची चाचणी : गुणांपाशी थांबू नका, या चुका टाळा

चाचणी संपते, २० पैकी ११ गुण लगेच पडद्यावर येतात, ते वहीत उतरवले जातात आणि विषय मिटतो. सगळ्यात मोठी चूक हीच. मुलाचं नेमकं कुठं अडतंय, ते चुकलेल्या उत्तरांत दिसतं.

५२ − ३८ घ्या. पर्याय ठेवा १४, २६, २४ आणि ९०. २६ निवडणारा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. २४ वाल्यानं दशक सुटा केला, पण दशकाच्या घरात एक कमी करायचा राहिला. ९० वाल्यानं चक्क बेरीज केली. तिघांचे गुण सारखेच, पण शिकवायचं प्रत्येकाला वेगळं. पर्याय मनाला येईल तसे टाकले, तर हे काहीच कळणार नाही. शिवाय चार पर्यायांत नुसत्या अंदाजानंही २५ टक्के वेळा उत्तर बरोबर येतं, म्हणून एका प्रश्नावरून निष्कर्ष काढू नका. त्याच प्रकारचे तीन-चार प्रश्न द्या.

सोलापुरात एक गोष्ट फार जपावी लागते. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडं कन्नड. अशा घरातलं मूल मराठी शाब्दिक उदाहरणात चुकलं, की त्याला ‘गणितात कच्चा’ ठरवलं जातं. हा त्या लेकरावर अन्याय आहे. तेच गणित एकदा अंकांत आणि एकदा शब्दांत विचारा. अंकांत बरोबर आणि शब्दांत चूक असेल, तर अडचण बहुधा वाचनाची आहे.

माउस कधी हातात न धरलेल्या मुलाला थेट चाचणीला बसवू नका. आधी बिनगुणांचा सराव द्या. चौथीच्या मुलांकडून मराठी उत्तरं टाइप करून घेऊ नका, त्यात टायपिंगचीच परीक्षा होते.

जोडाक्षरं फुटत असतील तर प्रश्न युनिकोडमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या संगणकांवर मराठी अक्षरं नीट दिसतात त्या पद्धतीत, टाइप करा. इंटरनेट बेभरवशाचं असेल तर ऑफलाइन चालणारी चाचणी निवडा. आणि आदल्या दिवशी एका संगणकाची वीज मुद्दाम बंद करून, दिलेली उत्तरं टिकतात का ते बघाच.

निकालाची क्रमवारी वर्गात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सारखी चूक करणाऱ्यांचे गट करा, तेवढाच भाग पुन्हा शिकवा आणि आठवड्याभरानं आकडे बदलून तेच प्रश्न परत द्या.